ड्रियाचे दोन शब्द

बेल्स क्रीक, अलाबामा
१७ डिसेंबर

ओझेला,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते टेबलावर आपटलं असशील आणि आधी सगळी भांडी घासून घेतली असशील. हरकत नाही. आता हात पुस आणि खुर्ची ओढून बस. बातमी उभ्याने ऐकण्यासारखी नाही.

आईच्या मातीनंतर चार वर्षं आपण बोललो नाही, आणि मी होऊन बोलणारही नव्हते. भर चर्चमध्ये रेव्हरंड टॉलिव्हरना मनगटावरचं घड्याळ दाखवून "आटपा आता, माझी बस आहे" म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. पण आज मी तो विषय काढणार नाही, कारण आज मी आनंदात आहे.

ड्रियाला कॉलेजात घेतलं! माझी केंड्रिया, माझ्या लेकीची, रोशेलची पोर. मातीच्या दिवशी मागच्या बाकावर पुस्तक वाचत बसली होती आणि सगळ्या गोतावळ्यात तू फक्त तिच्याशीच धड बोललीस, तीच. ओहायोतलं कॉलेज आहे, टेकडीवरचं. राहणं, जेवणं, पुस्तकं, सगळं तेच बघणार. बाकीच्या पोरी अजून अर्ज भरतायत आणि हिचं डिसेंबरातच पक्कं. लवकर अर्ज करायचा आणि घेतलंत तर तुमच्याकडेच येईन असा शब्द द्यायचा, असा काहीतरी प्रकार असतो. मिसेस हॅगूडने, म्हणजे तिच्या गणिताच्या बाईंनी, सगळं करून दिलं.

मी कोंबडीला पीठ लावत होते. ड्रिया दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, त्यांनी हो म्हटलं." एवढंच. मी अशी किंचाळले की शेजारची मिस इडा, जिला कानापाशी ढोल वाजवला तरी कळत नाही, ती कुंपणापाशी येऊन विचारते, "कोण गेलं?" मी पिठाच्या हातांनीच तिला मिठी मारली. तिचा काळा स्वेटर अजून धुतलेला नाही म्हणे.

रविवारी रेव्हरंडनी ड्रियाला पुढे बोलावलं. "ये बाळ, दोन शब्द बोल." ती बोलली. देवाने वाट दाखवली, आजीने हात धरला, असं साधंच. पण सगळं चर्च उभं राहिलं, ओझेला! मी इतकी रडले की माझी जांभळी हॅट घसरून नाकावर आली. बाहेर पडतो तर शायलो चर्चवाली वाटेत उभी, बेथेलवाली वाटेत उभी. "सिस्टर व्हर्डेल, आमच्याकडेही आण की पोरीला. आमच्या मुलांनाही ऐकू दे. फक्त दोन शब्द."

नाही कशी म्हणू? आपल्या घराण्यात कुणाला कधी कुणी बोलायला बोलावलं होतं?

तुझ्या नातवंडांचं काय चाललंय ते कळव. सहज विचारते.

व्हर्डेल

१४ जानेवारी

ओझेला,

तुझं कार्ड मिळालं. पुढे बर्फात बसलेला लाल पक्षी, मागे एक ओळ. "अभिनंदन. मुलगी अभ्यास कधी करते?" चार वर्षांनी बहिणीला लिहायचं ते एवढंच? आपल्या चर्चच्या सिस्टर अर्लीनला दाखवलं. ती म्हणाली, "जळते गं तुझ्यावर." मी म्हटलं, "बाई, माझ्या बहिणीला नावं मी ठेवीन, तू नको."

अभ्यास कधी करते म्हणजे काय? दिवसभर शाळेतच असते की.

आणि काय सांगू तुला, पोरीला उसंत नाही इतकी बोलावणी! नाताळच्या रविवारी शायलोत झालं. वर्ष बदलताना बेथेलमध्ये. मग न्यू होपचा वर्धापनदिन, तिथे दुपारी तीनला सुरू झालं आणि जेवून निघेपर्यंत अंधार. गाणाऱ्या मंडळींचे पाहुणे तीन गावांहून आले होते. ड्रियाला रेव्हरंडांच्या शेजारच्या मोठ्या खुर्चीत बसवलं. बुधवारी बायबलच्या वर्गात बोलली. शनिवारी पुरुषमंडळाचा नाश्ता होता, तिथेही. तू तिकडे उत्तरेत, गॅरी शहरात राहून विसरली असशील, पण इथे एक चर्च आपल्याकडे आलं की आपण त्यांच्याकडे जायचं असतं. नाही गेलो तर पुढच्या वर्षी आपल्या बाकांवर धूळ. आणि आता जिथे जाऊ तिथे "पोरगी कुठेय?"

प्रत्येक ठिकाणी काहीतरी देतात. तिच्याकडे आता चार प्रवासाच्या बॅगा झाल्यात. नाव भरलेले टॉवेल आहेत, दोन रजया आहेत. सगळं तिच्या पलंगावर रचलंय. टेबलावर केक. त्यामुळे ती वही मांडीवर घेऊन बसते, नाहीतर अर्लीनच्या गाडीत मागच्या सीटवर. पण ती गाडी आणि आपले रस्ते! तिच्या वहीतली अक्षरं बघितलीस तर वाटेल बेडूक उड्या मारत गेलाय.

शाळेतून गुणांचा कागद आला. कॅल्क्युलसमध्ये सी. तिला जन्मात कधी सी मिळाला नव्हता. मी म्हटलं, "मिसेस हॅगूडने नवा चष्मा घेतलाय, दुसऱ्या कुणाचे गुण लिहिले असतील." ड्रिया हसली नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्याला हसते.

असू दे. जागा तर मिळालेलीच आहे. एकदा दिलं की दिलं, नाही का?

रविवारी गिलियड चर्च. गुलाबी हॅट घालावी म्हणते.

व्हर्डेल

११ फेब्रुवारी

ओझेला,

तू लिहिलंस ते खरं आहे? खरं सांग, मला घाबरवायला लिहिलं नाहीस ना? "मधले गुण कॉलेजवाले मागवून घेतात. दिलेली जागा काढूनही घेतात. मी शाळेच्या ऑफिसात बसून बघितलंय. तिला घरी बसव."

दिलेली काढून घेतात? आम्ही कुणाला केक दिला तर दुसऱ्या दिवशी ताटली मागायला जातो, केक नाही.

मी हे ड्रियाला दाखवलं नाही. पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवलं. पण तिला माहीतच असणार, कारण गुरुवारी मिसेस हॅगूड घरी आली. मी चांगले कप काढले, लोण्याचा केक कापला. तिने हात लावला नाही. माझ्या केकला, ओझेला!

"मिस व्हर्डेल, ड्रिया माझ्या तासाला झोपते."

"अशक्तपणा असेल. मी एरंडेल देते."

"एरंडेल नको, झोप द्या. रविवारी कुठे असते ती?"

"देवाच्या घरी."

"आणि बुधवारी?"

"तिथेच."

"शनिवारी?"

"मागच्या शनिवारी शायलोच्या पुरुषमंडळाचा नाश्ता होता."

"पुरुषमंडळाच्या नाश्त्यात तिचं काय काम?"

मी म्हटलं, "दोन शब्द."

तिने नवा चष्मा काढला आणि डोळे चोळले. मग हळू म्हणाली, "कॅल्क्युलसमध्ये डी आहे तिला. फिजिक्समध्येही घसरतेय. ते गुण मी कालच पाठवलेत, पाठवावेच लागतात. मी तिच्या वयाच्या पुष्कळ मुलांना जागा मिळाल्यावर आळशी होताना बघितलंय. ही आळशी नाही झाली. ही दमलीय."

मला राग आला, खरं सांगते. मी म्हटलं, "मिसेस हॅगूड, रोशेल आजारी होती तेव्हा बेथेलच्या बायका रोज संध्याकाळी जेवण घेऊन यायच्या. ती गेली तेव्हा शायलोच्या पोरांनी खड्डा खणला, पावसात. त्यांनी पोरीला बोलवलं तर मी काय सांगू, तिला गणित आहे?"

ती म्हणाली, "हो. तेच सांगा."

ती गेल्यावर तो केक मीच खाल्ला, उभ्याने.

तुझ्यापासून काय लपवू. मागच्या रविवारी बेथेलमध्ये ड्रिया व्यासपीठावरच्या त्या खुर्चीत झोपली. मान खाली, हात मांडीवर. लोकांना वाटलं प्रार्थनेत आहे. पुढच्या बाकावरून कुणीतरी "आमेन!" ओरडलं आणि मग सगळेच. मी खालून खोकले, रुमाल हलवला, शेवटी हॅट पाडली. जागी झाली तेव्हा तिला आपण कुठे आहोत ते कळेना. उठून उभी राहिली आणि तेच बोलली, पाठ झालंय आता. टाळ्या पडल्या.

परतताना रेव्हरंडनी विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हटलं, "सगळीकडे ए." ड्रिया माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

मार्चपासून बोलावणी कमी करते. मार्चमधल्यांना मात्र आधीच शब्द दिलेला आहे.

व्हर्डेल

९ मार्च

ओझेला,

कॉलेजचं पत्र आलं. "आपले गुण बघून आम्हाला काळजी वाटते, कारण कळवावे, फोन केलात तरी चालेल." ड्रियाने ते मला वाचून दाखवलं तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता, व्यासपीठावर असतो तसा. मला वाटलं, ही रडली असती तर बरं.

मंगळवारी शाळेतून आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातून फोन लावला. मी पालेभाजी धूत होते, नळ बारीक करून.

"हो मॅम. नाही मॅम. घरी काही अडचण नाही, मॅम. मी आळस केला. जागा मिळाली म्हणून हुरळून गेले."

हुरळून गेले! कोण हुरळलं होतं, ओझेला?

मी नळ बंद केला, हात पुसले आणि फोन काढून घेतला. म्हटलं, "मॅम, मी हिची आजी. ही खोटं बोलतेय. हिला आळस माहीत नाही. हिला मी फिरवते." मग ती बाई म्हणाली, "फिरवता म्हणजे?" मग मी सांगायला लागले. शायलो, बेथेल, न्यू होप, गिलियड, परत शायलो, बायबलचा वर्ग, गाणाऱ्यांचा वर्धापनदिन, रेव्हरंडांच्या बायकोचा वाढदिवस. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं. तुला लिहिताना हीच नावं मी कशी मिरवत लिहिली होती! त्या दिवशी पोलिसासमोर सांगावीत तशी सांगितली.

बाई गोड बोलली. म्हणाली, समजलं, बरं झालं सांगितलंत, आम्ही थांबतो. पण जूनमध्ये शेवटचे गुण बघू. कॅल्क्युलस आणि फिजिक्स, दोन्हींत बी पाहिजे. त्याच्या खाली आलं तर जागा राहणार नाही. तेही गोडच सांगितलं.

फोन ठेवला आणि ड्रिया माझ्यावर फिरली. कधी आवाज न चढवणारी पोर.

"तू कशाला बोललीस? आता त्यांना वाटेल, हिच्या घरी असंच असतं."

"मग काय आळशी म्हणवून घेणार होतीस?"

"आळशी माणूस सुधारतो, आजी. तुला कोण सुधारणार?"

मी परत पालेभाजीला हात घातला. ती पुढे बोलतच राहिली, जणू तीन महिन्यांचं साठलेलं. "मी तिथे उभी राहून सांगते, देवाने मला वर आणलं, अभ्यास करा, माझ्यासारखे व्हा. आणि खाली माझ्या बॅगेत डी मिळालेला पेपर असतो. लहान लहान पोरी येऊन माझा हात धरतात. एकीने माझी पेन्सिल मागून घेतली, लकी म्हणून! मला गणित कळेनासं झालंय ते मी कुणाला सांगू? मिसेस हॅगूडना विचारायला जाते तर वर्गातले म्हणतात, तुला काय गं, तू तर कॉलेजवाली. माझ्याकडे सगळे बघतात आणि मदत मात्र कुणाकडे मागता येत नाही."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू किती खूश होतीस."

ओझेला, मी पाचवीतून निघाले आणि लोकांचे कपडे धुवायला लागले. तू पुढे शिकलीस. मला वाटायचं शिक्षण म्हणजे वर चढायचं असतं, एकदा चढलं की चढलं. त्यातून खालीही येतात आणि तेही इतक्या गुपचूप, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता तू सांग. लोकांना नाही कसं म्हणतात? रागाने विचारत नाही. मला येत नाही म्हणून विचारते.

व्हर्डेल

१९ एप्रिल

ओझेला,

तू या वेळी कार्ड नाही, चांगलं दोन पानी पत्र लिहिलंस. ते मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं नाही, फ्रिजवर लावलं. "जमणार नाही म्हणायचं आणि फोन ठेवायचा. कारण सांगायचं नाही. कारण सांगितलंस की ते कारण दुरुस्त करायला घरी येतील."

तुझं ऐकायला हवं होतं.

शायलोचा फोन आला. मी म्हटलं, "जमणार नाही."

"का गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"ड्रिया बरी आहे ना?"

"आहे."

"मग? आमचं काही चुकलं का, सिस्टर व्हर्डेल?"

आता यावर फोन कसा ठेवायचा, ते तू लिहिलं नव्हतंस! मी सांगून टाकलं. म्हटलं, पोरीचे गुण घसरलेत, जागा जायची वेळ आलीय, अभ्यास करू दे तिला, तुम्ही आपल्या घरी बसून प्रार्थना करा.

दुसऱ्या दिवशी ब्रदर क्लीटस हजर. निवृत्त पोस्टमन. सैन्यात असताना म्हणे तो गोदामाचे आकडे सांभाळायचा. "कुठे आहे ते कॅल्क्युलस?" ड्रियाची वही उघडून बघितली, परत मिटली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सैन्यातल्या गोष्टी सांगितल्या. जेवूनच गेला. बुधवारी न्यू होपच्या दोघी "पोरीला धीर द्यायला" आल्या, केक घेऊन. धीर देताना एक जण रडली, मग ड्रियानेच तिला पाणी दिलं.

आणि काल. दिवे लागायच्या सुमारास दारात सिस्टर अर्लीन, तिच्यामागे आपल्या चर्चच्या वडीलधाऱ्या बायकांचं अख्खं मातामंडळ, पांढरे कपडे घालून. "तू प्रार्थना करा म्हणालीस ना? म्हटलं घरीच येऊन करू. जिथे दुखतंय तिथेच हात ठेवलेला बरा." मी काय करणार? खुर्च्या मांडल्या. शेजारून मिस इडाच्याही आणल्या. गाणी सुरू झाली, पाय आपटायला लागले, कपाटातल्या बश्या किणकिणल्या.

मध्येच माझ्या लक्षात आलं, ड्रिया नाही. खोलीत बघितलं, पलंगावर नुसत्या बॅगा. मागच्या अंगणात नाही. न्हाणीघराला आतून कडी. मी हळूच हाक मारली, तिने उघडलं आणि परत जाऊन बसली. कुठे? टबात. कोरड्या टबात, पाठीला उशी, गुडघ्यांवर वही, कानात कापूस.

"इथे काय करतेस गं?"

"या एकाच दाराला कडी आहे, आजी."

बाहेरून अर्लीनचा आवाज, घर हादरेल असा: "प्रभू, या पोरीचं डोकं उघड!"

ड्रिया वहीत बघत म्हणाली, "प्रभू, आधी ते दार लावून घे."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू. मी आतून कडी लावली आणि तिथेच कमोडच्या झाकणावर बसले. बाहेर माझ्या घरात माझ्याच मैत्रिणी माझ्या नातीसाठी गात होत्या, आणि मी चोरासारखी आत. तिच्या वहीत आकड्यांपेक्षा अक्षरं जास्त होती, मला त्यातलं काय कळणार? पण ती कुठे अडते ते कळत होतं. अडली की खालचा ओठ आत घेते. रोशेल घ्यायची तसा. बाहेर गाणं वाढलं की ती तीच ओळ परत पहिल्यापासून लिहायची. किती वेळा ते मी मोजलं नाही, मला मोजवेना.

कुणीतरी दार वाजवलं. "सिस्टर व्हर्डेल? आत बरी आहेस ना?"

मी पहिल्यांदा उत्तर दिलं नाही, ओझेला. आयुष्यात पहिल्यांदा. तर त्यांना वाटलं मी पडले. दार तोडायला निघाल्या.

व्हर्डेल

१ मे

ओझेला,

मंगळवारच्या बसने निघते, बुधवारी दुपारी गॅरीत पोचते. स्टँडवर यायला जमत नसेल तर नको येऊस, पत्ता पाकिटावर आहे, मी विचारत विचारत येईन. परीक्षा संपेपर्यंत मला तुझ्याकडे ठेव. समेट करायला येत नाही, तसा समज करून घेऊ नकोस. तो झाला तर झाला.

त्या न्हाणीघरातल्या दिवसानंतर मी विचार करत होते, आता कुणाला काय सांगू, दारावर पाटी लावू का, कुत्रा पाळू का. मग अचानक कळलं. या घरात माणसं ड्रियासाठी येत नाहीत. ती माझ्यासाठी येतात. चाळीस वर्षं मी कुणाला दारातून परत पाठवलेलं नाही, सगळ्या तालुक्याला माहीत आहे की व्हर्डेलच्या घरी चहा असतो आणि ती ऐकून घेते. मी इथे आहे तोवर हे दार बंद होणार नाही. मी गेले की आपोआप होईल.

रेव्हरंडांना सांगायला गेले. तू इतकी वर्षं वरती उत्तरेत आहेस, म्हणून आठवण करून देते, पुढचा रविवार मदर्स डे. मी मातामंडळाची प्रमुख. आणि ड्रिया त्या दिवशी मुख्य बोलणार असा शब्द मी जानेवारीतच देऊन ठेवलेला, कार्यक्रमपत्रिकेवर तिचा फोटो छापून तयार आहे.

मी म्हटलं, "रेव्हरंड, ती बोलणार नाही."

"मी समजतो, सिस्टर. मग तिच्याऐवजी तुम्ही दोन शब्द बोला."

"मीही नसणार."

"मदर्स डेला? तुम्ही?" त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "आमच्यामुळे पोरीचं नुकसान झालं असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही. तुम्ही मागितलं, मी दिलं. माझं नव्हतं ते दिलं." हे तिथेच सुचलं, ओझेला, आधी ठरवलेलं नव्हतं.

अर्लीन बोलत नाही माझ्याशी. काल दुकानात समोरून आली आणि बटाट्यांकडे बघत राहिली. बेथेलवालीने निरोप पाठवला, "मोठ्या झाल्या आता त्या." ज्या बाईने रोशेलला शेवटचं सूप भरवलं, तिने. रात्री अंथरुणात पडलं की हे सगळं छातीवर येऊन बसतं. पोरीची जागा टिकली तर यातलं काही परत येईल की नाही, मला माहीत नाही. नाही टिकली तर मी हे सगळं उगीचच मोडलं असंही होईल.

घरी मिस इडा झोपायला येणार आहे. तिलाच बोलावलं, कारण दार कितीही वाजवलं तरी तिला ऐकू येणार नाही. मिसेस हॅगूड आठवड्यातून तीनदा शाळेनंतर ड्रियाला थांबवून घेणार आहे. पलंगावरचं सगळं सामान मी माळ्यावर टाकलं, टेबल रिकामं करून खिडकीशी लावलं.

ड्रियाला सांगितलं. दरवर्षी आम्ही दोघी मदर्स डेला पांढरं फूल लावून जातो, आई नसलेल्यांचं. तिची आई नाही, माझी आई नाही. मला वाटलं ती त्याबद्दल बोलेल.

ती म्हणाली, "तू बसमध्ये झोपशील ना? शेजारच्याला माझं सगळं सांगत बसशील."

"नाही सांगणार."

"आजी."

"बरं, थोडं सांगीन. कॉलेजचं नाही सांगणार."

मग ती उठली आणि फूल तेवढं घरीच लावते म्हणाली. आणि परत बसली.

उशीर झालाय का ते मला कळत नाही. सोमवारच्या सराव पेपरात कॅल्क्युलसला सी आला, फिजिक्सला बी. मिसेस हॅगूड म्हणते होण्यासारखं आहे. होईलच असं म्हणत नाही, मी दोनदा विचारलं. मी आल्यावर तू मला तुझ्या शाळेच्या ऑफिसातल्या मुलांच्या गोष्टी सांग, पण फक्त ज्यांची जागा राहिली त्यांच्या.

आत्ता फोनची वायर मी भिंतीतून काढून ठेवली आहे. घर इतकं शांत झालंय की आतल्या टेबलावर तिची पेन्सिल चालते ते इथे स्वयंपाकघरात ऐकू येतं. चालते आणि मध्येच थांबते. थांबली की वाटतं, उठावं, काहीतरी खायला नेऊन द्यावं, डोक्यावर हात ठेवून विचारावं, जमतंय ना गं? उठले आणि दारापर्यंत जाऊन परत आले. परत उठले. म्हणून तर निघायचं.

आत्ताही थांबली आहे. मी खुर्चीला धरून बसले आहे.

चालू झाली. आता पुढे लिहीत नाही, या कागदाचाही आवाज होतो.

व्हर्डेल